स्थळ बघायला बँकॉकला

८ नोव्हेंबर, शुक्रवार. नेरे.

अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज पाठाचं टाचण लिहिलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी संध्याकाळ झाली की हात शिवशिवतो, म्हणून ही वही. टाचणात साहेबांना आवडेल ते लिहावं लागायचं. इथे साहेब मीच आहे.

आज घरात वाजलं. माझ्या पप्पूला थायलंडात नोकरी लागलीय. चोवीस तारखेला निघायचं, तिकीट कंपनी पाठवणार. मनीषनं लावून दिली. मनीष म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, ताम्हिणीचा. भाऊ आजारपणात गेला तेव्हा पोर सात वर्षांचं होतं. सारजावहिनीनं त्याला शिकायला माझ्याकडे ठेवलं आणि बारावीपर्यंत तो इथेच वाढला. पप्पू आणि तो एका ताटात जेवलेत. हिंजवडीतली त्याची नोकरी सुटली तेव्हा, एप्रिलमध्ये, तो तिकडे गेला. दर रविवारी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करतो. मागे पांढरी भिंत, अंगात इस्त्रीचा शर्ट. बरं चाललेलं दिसतं.

ह्यांचं म्हणणं, पोरगं मार्गी लागतंय, आडवी येऊ नकोस. हे सध्या प्रचारात आहेत, सकाळी जीपमध्ये बसतात ते रात्री घसा बसवून उतरतात. घरातही भाषणच करतात. मी म्हटलं, मुलगी द्यायची असली तर आपण चार वेळा घर बघून येतो. पाणी किती वेळ येतं, सासूचं तोंड कसं आहे, शेजारी काय म्हणतात, सगळं विचारतो. आणि मुलगा द्यायचा तर नुसत्या फोनवर? मी स्वतः जाऊन बघून येणार. मी हो म्हटलं तरच पप्पू जाईल, नाहीतर नाही.

हे हसले. "तू? येकटी? हिंजवडीच्या चौकात रस्ता वलांडताना माजा हात धरतीस."

त्या वाक्यानंच माझं पक्कं झालं. शिक्षकांची दुबईची सहल फसली तेव्हाचा पासपोर्ट कपाटात कोराच पडला होता. आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी जुईली आयटीत आहे, तिनं अर्ध्या तासात तिकीट आणि खोली काढून दिली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. बँकॉक.

आले. एकटी. हे लिहितानाही खरं वाटत नाही.

विमान उतरताना खाली नजर पोचेल तिथपर्यंत भाताची खाचरं दिसली. म्हटलं चला, माणसं आपल्यातलीच असणार. मग टॅक्सी शहरात शिरली आणि मी खिडकीच्या काचेला नाक लावलं. रस्त्यावर रस्ता, त्यावर रेल्वे, रेल्वेवर आणखी एक रेल्वे. पुण्यात मेट्रोचे खांब बघून आमच्या माना अवघडतात. इथे कुणी वर बघतसुद्धा नाही.

खोली जुन्या वस्तीत आहे, एका कालव्याच्या काठी. मालकीण साठीची, ठेंगणी, केस मुलासारखे कापलेले. तिला सगळे पा नोय म्हणतात. पा म्हणजे वयानं मोठी मावशी. मला मराठी आणि तिला थाई, म्हणून दोघींच्या मध्ये तिचा फोन. आपण बोलायचं, फोन भाषांतर करतो. दारातच तिनं फोन न वापरता मला विचारलं, गिन खाव? मला वाटलं बाई खा म्हणतेय. मी म्हटलं खाल्लं हो, विमानात. ती हसत सुटली आणि आत जाऊन भाताचा वाडगा घेऊन आली. खाव म्हणजे भात. भात खाल्लास का, हीच यांची ख्यालीखुशाली विचारायची रीत. भाताला वास होता, आमच्या आंबेमोहराच्या जवळ जाणारा. मी दोनदा घेतला.

मनीषला अजून कळवलेलं नाही. स्थळ बघायला जाताना आधी वर्दी दिली की मंडळी घर झाडून ठेवतात.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

सकाळी एक रस्ता ओलांडायला मला वीस मिनिटं लागली. घड्याळ लावून बघितलं. दुचाक्या पाण्यासारख्या वाहतात, पण हॉर्न नाही! आपल्याकडे हॉर्नवरून कळतं कुणाचा जीव घ्यायचा विचार आहे. शेवटी गणवेशातली एक चिमुरडी माझं बोट धरून मला पलीकडे घेऊन गेली. ह्यांना हे सांगायचं नाही.

दिवसभर तोंड उघडं ठेवूनच फिरले. एका गाडीवर काडीला टोचलेले तळलेले विंचू होते. विंचू! आमच्याकडे विंचू दिसला की चप्पल शोधतात, इथे लिंबू पिळतात. रेल्वेत भिक्खूंसाठी राखीव जागा आणि भिक्खू मोबाइलवर मॅच बघतोय. डब्यात शंभर माणसं आणि शब्द नाही. माझ्या वर्गात अठ्ठावीस वर्षांत अशी शांतता एकदाही झाली नाही. प्रत्येक इमारतीच्या अंगणात खांबावर एक इटुकलं देऊळ. पा नोयनं सांगितलं, जमीन मुळात ज्या देवाची, त्याला राहायला घर द्यावं लागतं, नाहीतर तो बिथरतो. त्याच्यापुढे लाल सरबताची बाटली, आणि बाटलीत नळी घातलेली, देवाला प्यायला सोपं जावं म्हणून. आमच्या बांधावरचा म्हसोबा आता एका टॉवरच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मध्ये बसलाय. त्याला कुणी पाणी विचारत नाही.

संध्याकाळी सहाला स्टेशनात भोंग्यावर गाणं लागलं आणि चालती माणसं जागच्या जागी उभी राहिली. राष्ट्रगीत, रोज दोनदा. मीही सावधान झाले. शिस्तीचा देश आहे. पप्पूला शिस्तीची गरज आहेच.

मग मनीषला मेसेज टाकला की मी तुझ्या गावात आलेय. दोन तासांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. वाळलाय. आणि बोलायला लागला तो हिंदीत! आत्या, आप यहाँ क्यों आई. मी म्हटलं, अरे, मी काय तुझी बॉस आहे? तर म्हणे ऑफिसात हिंदीच बोलायचा नियम आहे, सोबतच्यांना समजावं म्हणून. भेटायला येशील का विचारलं तर कामाचा फार लोड आहे, ऑफिस लांब आहे, उद्या रॉकी सर तुम्हाला भेटतील. मध्ये मध्ये तो कॅमेऱ्याच्या बाजूला बघत होता. आणि शेवटी एकदाचं मराठी निघालं ते असं:

"बरं आत्या, जातो."

मला रागच आला. सात वर्षांचा असताना एकदा जातो म्हणून शाळेला निघाला होता, तेव्हा मी त्याला उंबऱ्यावरून परत बोलावून पाटावर बसवलं होतं. घरातून निघणारा माणूस येतो म्हणतो, जातो म्हणत नाही. त्यानंतर कधी चुकला नाही. मी म्हटलं, येतो म्हण. तो माझ्याकडे बघत राहिला आणि पुन्हा म्हणाला, जातो. फोन बंद. सात महिन्यांत पोरं इतकी बदलतात?

१४ नोव्हेंबर, गुरुवार.

रॉकी सर भेटले. तिशीचा, गोरा, दिल्लीकडचा असावा. आल्या आल्या वाकून पाया पडला. आजकाल कोण पडतं?

त्यानं मला एका काचेच्या इमारतीत नेलं. किती मजले ते मोजायला गेले तर मान मोडायची वेळ आली. खाली दिवाणखाना असा, की त्यात आमच्या नेऱ्याची पूर्ण शाळा मैदानासकट मावेल. जमीन एवढी चकचकीत की मला चप्पल काढावीशी वाटली. मी म्हटलं, पोरं जेवतात कुठे ते दाखवा. घर बघायला गेलं की मी आधी मोरी आणि चूल बघते, दिवाणखाना सगळेच सजवतात. तो म्हणाला, वर जायला कार्ड लागतं, पाहुण्यांना परवानगी नाही. नियम म्हटल्यावर मी गप्प बसले. शाळेत मीही पालकांना वर्गात येऊ देत नव्हते.

मग त्यानं जेवू घातलं आणि बारीकसारीक चौकशी केली. पप्पूला भाऊ किती, घरात पोलिसात कुणी आहे का, पुढाऱ्यांशी ओळख आहे का, मी उतरलेय कुठे, किती दिवस. मुलाकडच्यांनी मुलीकडची माहिती काढावी तशी. मला ते आवडलं. ज्याला माणसांची पर्वा असते तोच विचारतो. सुरुवातीला ट्रेनिंग माए सोत नावाच्या गावी आहे, मनीषही तिथेच असतो म्हणाला, गाडीनं सात-आठ तास. म्हणजे पुण्याहून लातूर. आमच्या भाडेकऱ्यांत अर्धी पोरं त्याहून लांबून आलेली आहेत.

एक गोष्ट खटकली, ती लिहून ठेवते. आत शिरताना पहारेकऱ्यानं रॉकीला वहीत नाव लिहायला लावलं. स्वतःच्या ऑफिसात कोण सही करून जातं? आणि तिथलं कुणीच त्याच्याकडे बघून हसलं नाही. पण इथली माणसं रेल्वेतही बोलत नाहीत. मी संशयी आहे, हे ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज त्रिपुरी पौर्णिमा. मला वाटलं होतं सण घरी राहिला. संध्याकाळी पा नोयनं केळीच्या खोडाची चकती दिली, पानं मुडपून केलेली, त्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. कालव्याच्या दोन्ही काठांना माणसंच माणसं, सगळे पाण्यात दिवे सोडतायत. इथेही आजच! कुणी कुणाला सांगितलं असेल? मला एकदम भरून आलं. पा नोय म्हणाली, पाण्याची माफी मागायची आणि मनातलं मागायचं. मी पप्पूसाठी मागितलं. मग मनीषसाठीही, कारण राग असला तरी पोर आपलंच आहे.

चार दिवस एकटी फिरतेय. कुणी धक्का मारला नाही, कुणी फसवलं नाही. एका म्हातारीनं तर माझी विसरलेली पिशवी घेऊन अर्धा बाजार पळत ओलांडला. असल्या गावात माझं पोर का राहू नये? मी एकटी इथवर आले ते धाडस आणि तो बँकॉकला आला तर तेवढं संकट, असं का? काठावर उभी राहूनच मी ह्यांना आणि पप्पूला मेसेज केला: स्थळ पसंत आहे. येऊ दे.

रॉकीला कळवलं. थोड्या वेळानं मनीषचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. बहुत अच्छा किया आत्या, पप्पू को भेज दो, यहाँ सब बढ़िया है. वाचून दाखवल्यासारखं. आणि शेवटी पुन्हा: "जातो आत्या. जातो."

मुद्दाम करतोय. मी उत्तर दिलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार.

कंपनीनं तिकीट अलीकडे आणलं. पप्पू उद्याच मुंबईहून निघतोय, सोमवारी सकाळी इथे. रॉकी म्हणाला, ताई, तुम्ही विमानतळावर येऊ नका, आईला बघून मुलं हळवी होतात, आमचा ड्रायव्हर त्याला परस्पर नेईल. मला वाईट वाटलं, पण बरोबर आहे. पहिलीच्या पोरांच्या आयांना मीही फाटकाबाहेर काढायची. पप्पूसाठी मोजे घेतले. रॉकीकडे देईन.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

क्रमानं लिहिते, नाहीतर मला वेड लागेल.

काल रात्री पा नोय ओट्यावर शेंगा निवडत होती, मीही बसले. मनातला सल निघेना म्हणून मी तिला मनीषचं गाऱ्हाणं सांगितलं, त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. म्हटलं बघ, एवढा वाढवला आणि निरोप घेताना कसं बोलतो. फोननं तिला त्या शब्दांचं थाई करून सांगितलं. तिनं सहज काहीतरी विचारलं आणि फोन त्याच्या त्या सपाट आवाजात मराठीत म्हणाला:

"मुलगा कुठे जात आहे?"

मी म्हटलं, कुठे नाही गं, फोन ठेवताना म्हणायचं असतं तसं. म्हणजे आमच्यात ते म्हणायचं नसतं. आम्ही येतो म्हणतो, परत यायचं असतं म्हणून. जातो कोण म्हणतो, तर ज्याला माहीत असतं की आपण परत

तिथेच माझं तोंड थांबलं.

त्या पोरानं अकरा वर्षं माझ्या घरातून रोज येतो म्हणून पाय बाहेर ठेवला. तो विसरणार नाही. सगळं हिंदी त्या ऐकणाऱ्यांसाठी होतं. एकच मराठी शब्द त्यानं माझ्यासाठी ठेवला होता, जो दुसऱ्या कुणालाही चुकीचा वाटला नसता. फक्त मला वाटला असता. आणि वाटला, तर मी काय केलं? मी त्याची चूक दुरुस्त केली. येतो म्हण, म्हणाले. परत येऊ न शकणाऱ्या पोराला.

पा नोयनं विचारलं, तो कामाला कुठे आहे. मी म्हटलं, माए सोतला. तिचा शेंगांवरचा हात थांबला. तिनं फोनवर बातम्या काढून माझ्यापुढे धरल्या. माए सोत सीमेवर आहे. पुढे नदी, नदीपलीकडे उंच इमारती, भोवती तारा, बंदुका घेतलेली माणसं. नोकरी म्हणून नेलेली पोरं आत कोंडतात आणि त्यांच्याकडून फोनवरून जगभरच्या माणसांना फसवून घेतात. ऐकलं नाही तर मारतात. सुटून आलेल्या पोरांची रांग दाखवली. डोकी खाली. त्यांतली कितीतरी आपल्याकडची दिसत होती. इस्त्रीचे शर्ट.

मी ह्यांना फोन लावला. मागे ढोल वाजत होते. पप्पूला थांबवा म्हटलं. हे म्हणाले, आता कुटला थांबतोय, विमानात बसला, आत्ताच फोन बंद केला त्यानं. त्यांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की पलीकडचे ढोल ऐकू येत होते.

आज उजाडताच पा नोय माझ्याबरोबर विमानतळावर आली. तिनं पर्यटकांसाठीच्या पोलिसांना गाठून सांगितलं. दोघे आले, थोडे लांब उभे राहिले. बाहेर येण्याच्या दारासमोर पाटी धरलेला एक माणूस होता. पाटीवर इंग्रजीत माझ्या मुलाचं नाव, प्रतीक. शाळेत घालताना मीच लिहिलेलं, पप्पू हे फक्त घरातलं. मी त्या माणसाशेजारी सव्वा तास उभी होते. तो माझ्याकडे बघून एकदा हसला आणि मला टेकायला कठड्याची जागा करून दिली.

पप्पू बाहेर आला तो पाटी शोधतच. पाटी दिसली तसा त्यानं हात वर केला. मला त्यानं पाहिलंच नाही. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं राहिलं. तो समोरून पुढे चालला होता. मी त्याचं मनगट धरलं.

"आई? तू हितं काय करतीयस?"

"घरी चल."

"अगं, त्यो माणूस आलाय न्यायला. असं काय करतीस लोकांत?"

"पप्पू, मनीषला कोंडलंय त्यांनी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी पट्टी उगारली की बघायचा, तसं. मग बॅग खाली ठेवली. पाटीवाल्यानं पाटी दुमडली आणि तो चालू लागला. पोलिसांनी त्याला अडवलं, पण तो भाड्याचा ड्रायव्हर निघाला, कागद सरळ होते. सोडून दिलं. रॉकीचा नंबर तेव्हापासून बंद आहे.

माझं पोर शेजारच्या खाटेवर झोपलंय. मी त्याचा श्वास मोजतेय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.

दूतावासात जाऊन आलो. तिथली अधिकारी मुलगी नागपूरकडची होती. तिनं सगळं नीट लिहून घेतलं, मनीषचा फोटो घेतला. अशी नावं बरीच आहेत, आम्ही पाठपुरावा करतो, काही मुलं सुटतात, वेळ लागतो, म्हणाली. त्याच्या नंबरवर आता काहीही पाठवू नका, त्याला त्रास होईल. मी विचारलं, मी इथे राहिले तर? ती म्हणाली, काकू, तुम्ही तुमच्या मुलाला घेऊन आधी घरी जा.

परत आल्यावर पप्पूनं मला मनीषचे ऑगस्टमधले मेसेज दाखवले. ये पप्प्या, लई भारी हाय हितं. आपल्या बोलीत, हसरी तोंडं टाकून. पप्पू नको म्हणत होता, मनीषनं त्याला पुन्हा पुन्हा बोलावलंय. मी ते वाचले आणि मला मनीषचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याच्या मुस्काटात दिली असती. ज्या ताटात जेवला त्या ताटातल्या पोराला खड्ड्यात ओढत होता. पप्पू खाली बघत म्हणाला, आई, त्यांनी सांगितलं आसंल, येक आण म्हंजी तुला सोडू. अधिकारी मुलगीही तेच म्हणाली होती. असं करतात.

म्हणजे त्यानं माझ्या मुलाचं नाव दिलं. मग मी पडद्यावर दिसले आणि त्याच्यानं राहवलं नाही. गप्प बसला असता तर पप्पू आत आणि तो कदाचित बाहेर. त्यानं बोलावलं आणि त्यानंच थांबवलं. मला त्याचा राग येतो आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटतं, आणि दोन्हींतलं कुठलंच करायला तो इथे नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं लिहिलं तर ते टाचण होईल.

काल रात्री त्याच्या नंबरवरून आलं होतं: पप्पू क्यों नहीं आया. त्याचा हात नव्हे तो. त्यानंतर काही नाही.

दुपारी सारजावहिनीचा ताम्हिणीहून फोन. तिकडे रेंज अशी, की अर्धे शब्द घाटात पडतात. "वन्सं, पोरगं दिसलं का?" म्हणाली. तिला यातलं काही माहीत नाही, पप्पू निघाल्याचंसुद्धा नाही. ह्यांनी त्याला मुंबईच्या गाडीत बसवलं ते घाईत, कुणाला सांगितलंच नव्हतं. फोनवर तिला काय सांगणार? मी एवढंच म्हटलं, परवा सकाळी पोराला घेऊन येतेय वहिनी, बाकी आल्यावर बोलू. ती काहीतरी बोलली ते ऐकू आलं नाही, फोन तुटला. तिच्याजवळ बसून, तिचा हात हातात घेऊनच सांगायला हवं.

पा नोयनं वाटेसाठी भात बांधून दिलाय. पैसे घेईना. मी तिच्या गळ्यात पडून रडले. फोन दोघींच्या मध्ये पडला होता, त्याची गरज लागली नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. नेरे.

सकाळी पोचलो. ह्यांनी गाडी पाठवली होती, हे स्वतः आले नाहीत. तोंड दाखवायची हिंमत झाली नसावी.

गाडी घरापाशी थांबली तर सारजावहिनी पायरीवर बसलेली. पहाटेच्या एसटीनं आली होती. नवं लुगडं, शेजारी नव्या तांदळाची पिशवी, आणि झाकलेलं पातेलं. पातेल्याला फडकं बांधलेलं होतं, त्यातून गुळाचा वास येत होता. मनीषला गुळाचा भात आवडतो. मला वाटलं, सवयीनं केला असेल. माझ्या तरी डोक्यात तेव्हा एवढंच आलं.

पप्पू उतरला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू कुटं गेलतास रं?" मग मी उतरले. मी तिचा हात धरायला गेले, पण ती माझ्या बाजूनं पुढे गेली. गाडीला वळसा घातला. पलीकडचं दार उघडलं आणि वाकून आत बघितलं. सीटवर माझी पर्स होती. मग तिनं पुढचं दार उघडून बघितलं. ड्रायव्हरनं विचारलं, काय राहिलं का मावशी?

तेव्हा मला कळलं मी फोनवर काय बोलले होते.

वहिनीनं दार हळूच लावलं. माझ्याकडे वळून हसली.

"मागच्या गाडीत हाय व्हय?"

पप्पू बॅग घेऊन तसाच उभा होता. हिंजवडीकडून ऑफिसच्या वेळेच्या गाड्या एकामागून एक येत होत्या. प्रत्येक गाडी जवळ आली की वहिनी पदर सावरून एक पाऊल पुढे व्हायची, ती निघून गेली की पुन्हा मागे सरकून पुढच्या गाडीला जागा करून द्यायची.